कापडाखालचा हात

करीम, ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आधी वाटायचं, सांगायला अजून वेळ आहे. मग वाटू लागलं, आता सांगून कोणाचं भलं होणार आहे. दोन्ही सबबी वकिली होत्या. बुलढाण्याच्या कोर्टात जन्मभर दुसऱ्यांच्या सबबी फाडून काढल्या. स्वतःच्या तेवढ्या घडी घालून जपून ठेवल्या.

तुझ्या मातीला धामणगाव बढ्याला आलो होतो. कबरस्तानाच्या भिंतीशी उभा असताना बाजारातला एक व्यापारी म्हणाला, "पक्का हात होता करीमभाईचा. कापडाखालची गोष्ट कधी वर आली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकेकाचं तोंड पाहत होतो. ह्याच बाजाराने एके काळी तुझ्या हाताला फुटका म्हटलं होतं, हे ह्यांच्यापैकी कोणाला आठवतं? बहुतेक सगळे तेव्हा जन्मले नव्हते. एका म्हाताऱ्याने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. त्याला आठवत असेल. की माझ्याच मनात पाप, म्हणून मला तसं दिसलं? आता मला माझ्या डोळ्यांचाही भरवसा वाटत नाही.

तुझ्या सलीमने पाणी आणून दिलं. म्हणाला, "अब्बा नेहमी म्हणत, वकीलसाहेबानं हात देल्ला म्हणून मी बाजारात उभा राह्यलो." मी भांडं तसंच त्याच्या हातात परत दिलं. म्हणून हे लिहितो आहे, आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकाला छापायला देणार आहे. धामणगावच्या पारावर ते वाचलं जाईल, हे मला ठाऊक आहे. जावं.

तुला सगळं ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्यांना ठाऊक नाही. आपण सतरा-अठरा वर्षांचे होतो, बुलढाण्याला मिशनच्या शाळेत शिकत होतो. वऱ्हाड नुकतंच मध्यप्रांताला जोडलं होतं. आपल्या वडिलांचं निम्मं बोलणं त्यावर चालायचं आणि आपलं सगळं बोलणं चेंडूवर. गोल चेंडूवर नव्हे, लांबट चेंडूवर. दोन्ही टोकांना निमुळता, मोठ्या पपईएवढा. बुलढाण्यात राहणाऱ्या अमेरिकन पादरीसाहेबांनी तो पेटीत घालून आणला होता. पायाने क्वचितच मारायचा. बगलेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी कमरेला मिठी घालून पाडायचं. तू पहिल्याच दिवशी म्हणालास, "सायेब, ह्याले चेंडूची गरज काय हाय? आमच्या गावात पोळ्याले असंच होते." साहेब हसून हसून खाली बसले होते.

संध्याकाळी साहेब आपल्याला त्यांच्या कॉलेजच्या गोष्टी सांगायचे. नदीच्या अलीकडे त्यांचं कॉलेज, पलीकडे दुसरं. दरवर्षी एकदा सामना. साहेबांच्या थोरल्यांच्या वेळी डोक्यावर काही घालायची रीत नव्हती, म्हणून खेळणारे उन्हाळ्यापासून केस वाढवायचे, पडलं तर तेवढीच गादी. सामना जवळ आला की सरावाच्या मैदानाला फळ्या ठोकायच्या, कारण पलीकडचे लोक झाडावर चढून डावपेच पाहायचे. एका साली पलीकडच्यांनी गावातल्या लोहाराला चार दिवसांपुरतं विद्यार्थी म्हणून उभं केलं होतं. पुढल्या साली साहेबांच्या कॉलेजाने काय केलं, हे विचारलं की साहेब विषय बदलायचे. देव एक, प्रार्थना एक, पण चेंडूचं नाव निघालं की दोन्हीकडचा कोणी कोणावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि दैव असं, की मेहकरला जे पादरी आले ते त्या पलीकडच्या कॉलेजचे निघाले. दोघं नाताळाला एका ताटात जेवायचे, एकमेकांच्या मुलांना मांडीवर घ्यायचे. पण मेहकरच्या साहेबांनीही पेटीतून तसाच चेंडू आणला होता. हे लोक सातासमुद्रापलीकडून दोन गोष्टी घेऊन आले, पुस्तक आणि वैर. पुस्तक आपण फारसं घेतलं नाही. वैर हातोहात उचललं. मेहकर कसं आहे, हे मी तोवर पाहिलंही नव्हतं, पण मेहकरच्या माणसाला प्यायला पाणी देताना मनात शंका यायची.

संशय किती, तर सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही साहेब एकमेकांची पोरं तपासायचे, खरे विद्यार्थी आहेत की कोणी पैलवान आणून घातला आहे. आपल्या साहेबांनी त्यांच्या जानेफळच्या नारायणाला इंग्रजी धडा वाचायला लावला. उंच, रुंद गडी, घाम पुसत पुसत त्याने तो वाचला. मग मेहकरच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा खरा विद्यार्थी कशावरून?" मला तोंडी गुणाकार घातला. मी पंतोजींच्या हाताखाली ओरडून ओरडून पाढे शिकलेला. मनातल्या मनात आकडे मोजायचे म्हटले तरी माझे ओठ हलायचे. उत्तर बरोबर आलं. सगळे हसले. नारायण मात्र हसला नाही, तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. हे मला तेव्हा दिसलं होतं, करीम. दिसलं, आणि मी त्याचा काहीही अर्थ लावला नाही.

डाव कोणता खेळायचा, हे आपल्याच गड्यांना कसं सांगायचं, हा मोठा प्रश्न होता. साहेबांच्या कॉलेजात आकडे ओरडायचे. पण मेहकरच्या साहेबांना ते आकडे पाठ, जुने वैरीच ते. तेव्हा तू तोड काढलीस. तुझे अब्बा, रसूलचाचा, बैलबाजारातले दलाल. विकणारा किंवा घेणारा आणि दलाल, दोघं एका कापडाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. तू आपल्या खांद्यावरचं उपरणं पसरलंस. एक बोट दाबलं तर उजवीकडून पळायचं, दोन म्हणजे डावीकडून, तीन म्हणजे सरळ घुसायचं, मूठ आवळली तर लाथ मारायची. प्रत्येक डावाआधी आपण गोलाकार उभं राहायचं, उपरण्याखाली तुझ्या हाताने निरोप निघायचा, हातोहात फिरून शेवटी माझ्याकडे यायचा, कारण चेंडू घेऊन मी पळणार.

"तोंड भिंतीसारखं ठेवाचं," तू शिकवत होतास. "बैल कितीबी आवडला तरी डोळा हालला नाही पाह्यजे. आन् कापडाखालचं कापडाखाली. बायकोले नाही, बापाले नाही."

"आन् बायको नसली तं?" मी विचारलं.

"तुह्यासारख्याले होणारबी नाही बे, वामन्या. पाय पाह्य तुहे."

सामना झाला. आपण धुतले गेलो. मी उजवीकडे वळलो की उजवीकडे तिघं उभे. डावीकडे वळलो की नारायण आधीच डावीकडे. मी चेंडू हातात घेण्याआधी त्यांना डाव कळलेला असायचा. मुरमावर सोलवटलेले गुडघे घेऊन मी बसलो होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सामन्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी धामणगावात मी तुला पाहिलं होतं. बैलांच्या रांगेमागे, नारायणासमोर उभा. दोघांचे हात एका उपरण्याखाली.

मी ते साहेबांना सांगितलं. मीच. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं.

साहेबांच्या ओसरीवर सगळे जमले. साहेबांनी तुला शांतपणे विचारलं, "करीम, त्या दिवशी तू नारायणला काय सांगितलंस?"

"कापडाखालची गोष्ट हाय, सायेब. सांगता येत नाही."

"मला ती गोष्ट नको. फक्त एवढं सांग, ती आपल्या खेळाची होती का?"

तू म्हणालास, "आज एका गोष्टीले नाही म्हणलं तं उद्या दुसरीले हाव म्हणा लागन. मी कायच सांगत नाही."

मी म्हणालो, "साहेब, आणखी काय पुरावा पाहिजे?"

पुढे वकील झाल्यावर एखादा साक्षीदार माझ्यासमोर असं बोलला असता, तर मी त्याला उभा चिरला असता. काय पाहिलंस? हात. बोटं पाहिलीस? नाही. मग काय पाहिलंस? पण त्या ओसरीवर मला उलटा प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. साहेबांनाही दुसरा विचार सुचला नसावा. त्यांच्या देशातल्या गोष्टींत पलीकडच्याला डाव विकणारा कोणीतरी असायचाच. आपल्या बाजूच्या माणसाचा संशय घ्यायला आपण त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

साहेबांनी अमेरिकेहून आणलेलं संघाचं लाल लोकरी बनियन तुझ्याकडून परत घेतलं. तू त्याची नीट घडी घातलीस. जाता जाता माझ्यासमोर थांबलास. "वामन्या, तू तं मले वळखतं नं बे?"

मी म्हणालो, "ओळखत होतो."

हे तिथेच संपलं असतं तर पोरांचं भांडण म्हणून विसरता आलं असतं. पण मी घरी जाऊन नानांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. आणि पुढच्या बाजाराला धामणगावात मी नानांच्या मागे उभा होतो. रसूलचाचांनी नेहमीप्रमाणे उपरणं पसरून हात पुढे केला. "या पाटील."

नानांनी हात दिला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रसूल, घरातला एक हात फुटला, तं दुसरा किती दिवस टिकन?"

रसूलचाचांनी उपरण्याची घडी घातली, तू बनियनची घातली होतीस तशीच. भोवती जे उभे होते त्यांनी आधी नानांकडे पाहिलं, मग आपापल्या बैलांकडे. दलालाचं सगळं भांडवल म्हणजे लोक त्याच्या कापडाखाली हात घालतात, एवढंच असतं. ते एका सकाळी गेलं. रसूलचाचा फार दिवस राहिले नाहीत, आणि तू त्याच बाजाराच्या कडेला बैलांच्या मोरक्या, कासरे आणि घुंगरमाळा विकायला बसलास. सौदे तुझ्यासमोर व्हायचे, दुसऱ्यांच्या कापडाखाली. मी नागपूरला शिकायला निघून गेलो.

खरं कळलं ते पुष्कळ वर्षांनी. नारायण बांधाच्या भांडणाचा दावा घेऊन माझ्याकडे आला. कोर्टाच्या ओट्यावर पुकाऱ्याची वाट पाहत बसलो होतो, आणि जुन्या सामन्याची गोष्ट निघाली. मी जरा कडवटपणे म्हणालो, "तुम्हाला घरभेदी मिळाला होता, त्यात काय मोठं."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "कोन घरभेदी? तुमचेच ओठ हालत होते नं! उपरण्याखाली कोनी बोट दाबलं का तुमी मोजाचे, एक, दोन, तीन. आदल्या दिवशी गुणाकार करताना पाह्यलं व्हतं म्या. आमी दुसरीकडं पाह्यतच नोहतो."

"आणि बाजारात करीमचा हात तुझ्या हातात होता तो?"

"गोऱ्ह्याचा सौदा होता, वकीलसायेब. त्याच्या बापानं धाडलं होतं त्याले." मग म्हणाला, "भाव नाही सांगत."

मी त्याची उलटतपासणी केली. खरंच केली. माझाच पक्षकार, आणि मी त्याला खोटं पाडायला पाहत होतो. तो कुठे अडखळला नाही. घरी येऊन मी दाढीच्या आरशासमोर उभा राहिलो, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने दाबली आणि मनात मोजलं. ओठ हलले. पुन्हा मोजलं, दात आवळून. पुन्हा हलले. इतकी वर्षं तोंडावर तो पुरावा घेऊन मी गावभर हिंडत होतो.

तेव्हा लगेच तुझ्याकडे यायला हवं होतं. आलो नाही. नाना जिवंत होते, ही एक सबब. नाना गेले, मग माझी वकिली जोरात चालली होती, लोक मला पंच म्हणून बोलवत होते, ही दुसरी. शेवटी आलो, तेही चोरासारखा आडमार्गाने. बैल घ्यायचा आहे म्हणून बाजारात आलो आणि तुझ्या घुंगरमाळांसमोर उभा राहिलो. म्हणालो, "करीम, माझा सौदा तू कर."

तू मान वर केली नाहीस. "माह्या कापडाखाली कोनी हात घालत नाही, वकीलसायेब."

"मी घालतो."

बाजार बघत होता. वकील, नानांचा मुलगा, फुटक्या हातात हात देतो आहे. तू एक जुनं उपरणं झटकलंस. बैल कसा निघाला ते आठवत नाही. एवढं आठवतं, की त्यानंतर आधी एकाने, मग दुसऱ्याने तुला हात दिला. लोक मला मोठ्या मनाचा म्हणू लागले. ज्याने घर जाळलं त्यालाच पाणी घेऊन धावल्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतली. अब्बांना वकीलसाहेबाने हात दिला, हे सलीम जन्मभर ऐकत आला ते हेच. तू ते त्याला मनापासून सांगायचास, की एवढ्यासाठी सांगायचास, की एखाद्या दिवशी ते माझ्या कानावर पडावं आणि मला टोचावं? टोचलं, करीम. जे काय तुझ्या मनात असेल ते.

पुढच्या वर्षांत आपण किती बसलो असू. तुझ्या अंगणात, माझ्या ओसरीवर. केस पिकले, तू मला "अहो" म्हणायचं सोडलं नाहीस आणि मी तुला सोड म्हणायचं धाडस केलं नाही. त्या खेळावर आपण भांडायचोही. तू म्हणायचास, साहेबांनी शिकवलेली रांगच चुकीची होती, मधला गडी उघडा पडायचा. मी म्हणायचो, रांग बरोबर होती, आपली पोरं हलकी होती. तू मातीत काडीने रांग काढून दाखवायचास, मी पायाने पुसायचो. हे भांडण मिटलंच नाही. मला ते हवंहवंसं वाटायचं, आणि प्रत्येक वेळी संशयही यायचा. ज्या गोष्टीने आपण हरलो ती सोडून तू बाकी सगळी कारणं का मांडतोस? आपला डाव कळू न देता समोरच्याला खेळवत ठेवणं हा तर तुमचा धंदाच.

शेवटचं भेटलो ते ह्या थंडीत. तू अंगणात बाजेवर उन्हाला पडला होतास. श्वास पुरत नव्हता, पण डोळे तेच. सलीमने चहा आणला आणि तो बाजारात निघून गेला. आपण दोघंच. मी म्हणालो, "करीम, मले तुह्याशी बोलाचं हाय." कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात आपली बोली आली.

तू ऐकलंस आणि हसलास. अंगावरचं पांघरूण जरासं सरकवलंस, तुझा हात त्याखाली होता. "तोंडानं होत नसन तं इथं सांगा. इथलं कुठं जात नाही."

मी हात घातला. तुझी बोटं वाळून काड्या झाली होती, पण थांबली होती, वाट पाहत, बाजारातल्यासारखी. मी एक बोट दाबलं, सोडलं. दुसरं दाबलं. भाव सांगायला बोटं आहेत, नकार सांगायला आहेत, सौदा मोडला हे सांगायलाही आहेत. मला जे सांगायचं होतं त्याला तुमच्या बाजारात खूणच नव्हती. मी चाचपडत राहिलो.

तू माझ्या तोंडाकडे पाहत होतास. नारायणासारखा. मग हळूच, अगदी मायेनं म्हणालास, "वकीलसायेब, ओठ अजूनबी हालून राह्यले तुमचे."

म्हणजे तुला ठाऊक होतं. कधीपासून? त्या ओसरीवरही? उपरण्याखालचा निरोप माझ्याकडे येताना, भर सामन्यात, तू माझे ओठ पाहिले होतेस आणि बनियन परत करतानाही माझं नाव घेतलं नाहीस? मला विचारायचं होतं. त्याआधी दोन शब्द म्हणायचे होते. ते ओठांवर आले होते, तुला दिसलेही असतील.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. जन्मात एकदाच जमलं ते, आणि ते तेव्हा. तू थोडा वेळ वाट पाहिलीस, मग माझा हात थोपटून पांघरुणातून आपला हात काढून घेतलास. आतले दोन शब्द अजून माझ्याकडेच आहेत.